‘कंट्रोल’ कुठे आणि ‘रेग्युलेट’ कुठे : दोन इंग्रजी शब्दांतला फरक पायरीपायरीने

गॅसच्या शेगडीपाशी उभे राहिले की हा फरक डोळ्यांनी पाहता येतो. सिलिंडरच्या तोंडावर बसवलेल्या उपकरणाला आपण रेग्युलेटर म्हणतो. सिलिंडरमधल्या वायूचा दाब उन्हाळ्यात बराच वाढतो आणि थंडीत उतरतो. पण रेग्युलेटरमधला लवचीक पडदा आणि स्प्रिंग मिळून नळीत येणारा दाब एका ठरलेल्या, कमी पातळीवर राखतात, आणि हे काम कोणाचाही हात न लागता चालू राहते. शेगडीचे बटण मात्र हातानेच फिरवावे लागते. दूध वर येऊ लागले की आपण ज्योत बारीक करतो, फोडणीच्या वेळी मोठी करतो. त्या क्षणी ज्योत केवढी हवी हे आपण ठरवतो आणि ती तेवढी होते. पहिल्या कामासाठी इंग्रजीत ‘रेग्युलेट’ हे क्रियापद आहे, दुसऱ्यासाठी ‘कंट्रोल’.

शब्दकोशात पहिल्यापुढे ‘नियमन करणे’ आणि दुसऱ्यापुढे ‘नियंत्रण करणे’ असे दिलेले असते, आणि तेवढ्यावर काम भागेल असे वाटते. प्रत्यक्षात अनुवादांचे मसुदे तपासताना सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागणारी जोडी हीच आहे, असा माझा अनुभव आहे. कारण मराठीतले हे दोन्ही शब्द एकाच ‘यम्’ या धातूपासून आलेले आहेत. ‘यम्’ म्हणजे आवरून धरणे. ‘नियम’ आणि ‘नियमन’ त्यातूनच आले, आणि ज्याच्या योगाने आवरून धरता येते ते ‘यंत्र’, म्हणून ‘नियंत्रण’ही त्यातूनच. सख्ख्या भावंडांचे चेहरे एकसारखे दिसावेत तसे हे शब्द कानाला एकसारखे लागतात आणि लिहिताना सहज एकमेकांच्या जागी जाऊन बसतात. इंग्रजी शब्दांचे कूळ मात्र वेगवेगळे आहे, म्हणून सुरुवात तिथून करावी.

पायरी पहिली : शब्दाचा मूळ अर्थ मनात पक्का करावा

‘कंट्रोल’ हा शब्द मध्ययुगीन फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचा मूळ अर्थ ‘समोरासमोर ताडून पाहण्याची दुसरी गुंडाळी’ असा होता. हिशेबाची एक गुंडाळी खजिनदाराकडे असे आणि तिचीच दुसरी प्रत वेगळ्या माणसाकडे. दोन्ही जुळल्या तरच हिशेब खरा मानला जाई. म्हणजे ‘कंट्रोल’ हा आधी ताळा होता. ताळा पाहणाऱ्याच्या हाती हळूहळू अडवण्याचा अधिकार आला आणि अडवणाऱ्याच्या हाती चालवण्याचा. आपल्या भाषेतही ‘ताळा’ हा बेरीज-वजाबाकी पडताळण्याचा शब्द असून ‘ताळ्यावर आणणे’ म्हणजे बहकलेल्याला ठिकाणावर आणणे, हे या ठिकाणी आठवण्यासारखे आहे. भारताच्या संविधानातील अनुच्छेद १४८ मध्ये ज्या पदाची तरतूद आहे, ते ‘नियंत्रक व महालेखापरीक्षक’ हे पद याच जुन्या अर्थाचे आहे. त्यातला इंग्रजी शब्द ‘कंप्ट्रोलर’ असा लिहितात. हिशेब या अर्थाच्या फ्रेंच शब्दाशी नाते आहे असे समजून कोणे एके काळी ते स्पेलिंग बदलले गेले, आणि ते तसेच राहिले.

‘रेग्युलेट’ लॅटिनमधल्या ‘रेग्युला’ या शब्दापासून आला आहे, आणि ‘रेग्युला’ म्हणजे सरळ रेघ आखण्याची पट्टी. तिच्या मुळाशी सरळ करणे, सरळ नेणे या अर्थाचा जो धातू आहे, त्याच्याशी संस्कृतमधल्या ‘ऋजु’ या शब्दाचे नाते भाषाशास्त्रज्ञ सांगतात. पट्टी स्वतः रेघ मारत नाही. पेन्सिल दुसऱ्याच्या हातात असते, आणि ती वाकडी जाऊ नये एवढीच पट्टीची जबाबदारी. हे चित्र मनात राहिले तर पुढच्या पायऱ्या सोप्या होतात.

पायरी दुसरी : हालचाल कोणाची, हे विचारावे

वाक्य समोर आले की पहिला प्रश्न असा करावा : जे चालले आहे ते चालवतो कोण? कर्त्याच्या हाताने गोष्ट हलत किंवा थांबत असेल, तर शब्द ‘कंट्रोल’. गोष्ट आपल्या गतीने चाललेली असून कर्ता तिला मर्यादा, प्रमाण किंवा रीत घालून देत असेल, तर ‘रेग्युलेट’.

वऱ्हाडातल्या कापसाचे उदाहरण यासाठी फार चांगले आहे, कारण एकाच पिकाच्या वाट्याला दोन्ही व्यवस्था आल्या. १८९७ साली वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी कायदा झाला. बाजार कुठे भरावा, अडत्या आणि तोलारी यांना परवाना कोणी द्यावा, शेतकऱ्याकडून कोणती कपात घेता येईल, अशा गोष्टींना त्याने रीत लावली. कापसाचा भाव मात्र विकणारा आणि घेणारा यांच्यातच ठरत राहिला. पुढे राज्यभर ज्या कृषी उत्पन्न बाजार समित्या झाल्या, त्यांच्यामागे १९६३ चा कायदा आहे आणि त्याच्या नावातही ‘रेग्युलेशन’ हाच शब्द आहे : उघड लिलाव, खरे वजन, वेळेवर चुकारा यांची हमी द्यावी आणि व्यापार व्यापाऱ्यांनी करावा, अशी ती कल्पना.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली, तेव्हा चित्र बदलले. राज्यातला कापूस शासनाच्या यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्या कोणाला नाही, आणि हमीभावही शासनानेच जाहीर करायचा. गाडी कोणत्या केंद्रावर न्यायची, कापूस कोणत्या प्रतीत बसेल आणि पैसे केव्हा मिळतील, हे सारे एकाच हाताने ठरू लागले. पहिल्या व्यवस्थेचे वर्णन करताना इंग्रजीत ‘रेग्युलेटेड मार्केट’ म्हणतात, दुसरीला ‘कंट्रोल’ असेच म्हणावे लागते. योजना चांगली होती की वाईट, हा वेगळा वाद आहे आणि विदर्भात तो आजही होतो. शब्द निवडताना मात्र बरे-वाईट बाजूला ठेवावे, कारण ‘रेग्युलेट’ म्हणजे सौम्य आणि ‘कंट्रोल’ म्हणजे जुलमी अशी भावना मनात धरली की हमखास चूक होते.

सामान्य मराठी माणसाने हा फरक फार पूर्वी ओळखला होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिधावाटप आले, धान्य आणि कापड किती, कोणाला व कोणत्या दराने मिळेल हे सरकार ठरवू लागले, आणि लोकांनी इंग्रजी शब्द जसाच्या तसा उचलला. राज्याच्या अनेक भागांत रास्त भाव दुकानाला आजही ‘कंट्रोल’ म्हणतात, ‘कंट्रोलचे तांदूळ’ म्हणतात. त्याच गावात बाजार समितीला कोणी ‘कंट्रोल’ म्हणत नाही.

पायरी तिसरी : नियम घालून देणे आणि हाती घेणे यांतले अंतर एका मोठ्या उदाहरणावर तपासावे

हा फरक शब्दकोशापेक्षा इतिहासातून जास्त स्पष्ट होतो, आणि त्या इतिहासाशी आपला थेट संबंध आहे. ब्रिटिश पार्लमेंटने ईस्ट इंडिया कंपनीसाठी अकरा वर्षांच्या अंतराने दोन मोठे कायदे केले. १७७३ च्या कायद्याला ‘रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट’ म्हणतात. १७८४ च्या पिटच्या कायद्याने ‘बोर्ड ऑफ कंट्रोल’ निर्माण केले.

१७७३ मध्ये पार्लमेंटने कंपनीचा कारभार आपल्या हाती घेतला नाही. तिला रीत घालून दिली. बंगालचा गव्हर्नर गव्हर्नर-जनरल झाला, त्याला चार सदस्यांचे मंडळ दिले, आणि मुंबई व मद्रास या इलाख्यांनी त्याच्या संमतीवाचून देशी सत्तांशी युद्ध किंवा तह करू नये असे बंधन घातले. त्या बंधनाला दोन अपवाद होते : वाट पाहण्यात धोका असावा इतकी निकड असेल तर, किंवा लंडनहून कंपनीचा खास हुकूम आलेला असेल तर.

हे बंधन किती टिकले ते मराठ्यांच्या इतिहासात नोंदलेले आहे. मार्च १७७५ मध्ये मुंबईकर इंग्रजांनी रघुनाथरावांशी सुरतेचा तह केला, साष्टी आणि वसई पदरात पाडून घेण्याचे ठरवले आणि पुण्याविरुद्ध सैन्य पाठवले. कलकत्त्याची संमती त्यांनी घेतली नव्हती. कलकत्त्याच्या मंडळाने तो तह अमान्य केला, आपला वकील अप्टन याला पाठवले आणि १ मार्च १७७६ रोजी पुण्याच्या कारभाऱ्यांशी पुरंदरचा तह केला. इकडे लंडनच्या संचालकांनी सुरतेचा तहच उचलून धरला. नियम होता, तो मोडल्याचे उघड झाले होते, आणि तरीही मुंबईचा हात वेळीच धरू शकेल असे कोणी नव्हते. पुढे जानेवारी १७७९ मध्ये वडगावला इंग्रजांवर नामुष्कीचा करार करण्याची वेळ आली आणि १७८२ मध्ये सालबाईच्या तहाने ते युद्ध मिटले.

१७८४ च्या मंडळाचे काम याहून अगदी निराळे होते. सहा आयुक्तांच्या त्या मंडळाला कंपनीचे मुलकी, लष्करी आणि महसुली कागद पाहण्याचा हक्क मिळाला. हिंदुस्थानात जाणाऱ्या खलित्यांचे मसुदे आधी मंडळापुढे यायचे, मंडळ त्यांत बदल करायचे, आणि बदललेला खलिता संचालकांना पाठवावाच लागायचा. युद्ध आणि तह यांसंबंधीचे गुप्त हुकूम मंडळ संचालकांच्या छोट्या गुप्त समितीमार्फत पाठवू शकत होते. व्यापार आणि नेमणुका कंपनीकडेच राहिल्या, पण राज्यकारभाराच्या प्रत्येक महत्त्वाच्या ओळीवर सरकारचा हात फिरू लागला. नियम मोडल्यावर जाब विचारणे हे ‘रेग्युलेट’ करणाऱ्याचे काम. कागद बाहेर पडण्यापूर्वीच त्यातले वाक्य बदलणे हे ‘कंट्रोल’ करणाऱ्याचे. स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्यांनी ही दोन नावे नुसती पाठ न करता त्यांतल्या शब्दांकडे पाहावे. दोन्ही कायद्यांचे मर्म त्यातच सापडते.

पायरी चौथी : शरीर आणि यंत्र यांबद्दल वाक्य असेल तर वेगळा विचार करावा

इथे ‘रेग्युलेट’ची दुसरी छटा समोर येते. बाहेरून नियम घालणारा कोणी नसतो, आणि व्यवस्था स्वतःच स्वतःला ठरावीक पट्ट्यात राखते. जेवणानंतर रक्तातली साखर वाढली की स्वादुपिंड इन्सुलिन सोडते आणि साखर उतरते. फार उतरली तर ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतातली साठवलेली साखर मोकळी करायला लावते. शरीराचे तापमान सुमारे ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राहते तेही घाम, थरथर आणि त्वचेतला रक्तप्रवाह यांच्या आपोआप चालणाऱ्या फेरबदलांमुळे. या सगळ्याला इंग्रजीत ‘रेग्युलेशन’ म्हणतात. मधुमेहात ही आपोआप चालणारी व्यवस्था बिघडते, मग माणूस गोळ्या, आहार आणि व्यायाम यांनी साखर हाताळू लागतो, आणि तेव्हा इंग्रजीतही, मराठीतही, ‘शुगर कंट्रोलमध्ये आहे’ असेच म्हटले जाते. निरोगी माणसाबद्दल असे वाक्य कोणी बोलत नाही.

पंख्याच्या रेग्युलेटरने मात्र फसू नये. तो पंख्याची गती स्वतःहून राखत नाही. आपण कळ फिरवू तेवढी गती तो देतो. कामाच्या दृष्टीने तो ‘कंट्रोल’च आहे, पण आपल्याकडे त्याचे नाव रेग्युलेटर असे रुळले आहे आणि मराठी मजकुरात तेच ठेवावे.

पायरी पाचवी : शब्दाचे शेजारी तपासावेत

अर्थाने निर्णय होत नसेल तेव्हा वाक्यरचना मदतीला येते. ‘कंट्रोल’ला इंग्रजीत ‘ओव्हर’ हे अव्यय जोडता येते, ‘रेग्युलेट’ला सहसा नाही. गाडी, ताप, गर्दी, राग ‘आउट ऑफ कंट्रोल’ जातात. ‘आउट ऑफ रेग्युलेशन’ कोणी म्हणत नाही. उलट ‘रेग्युलेशन्स’ असे अनेकवचन दिसले तर तिथे क्रिया नसून लिखित नियमांचा संच आहे, हे ओळखावे.

नकाराची कसोटी मला सर्वांत जास्त उपयोगी पडली आहे. शब्दाच्या आधी ‘अन’ हा उपसर्ग लावून पाहावा. ‘अनकंट्रोल्ड’ रक्तस्राव म्हणजे थांबवता न येणारा रक्तस्राव. ‘अनरेग्युलेटेड’ सावकारी म्हणजे कोणत्याही कायद्याच्या चौकटीत न बसणारी सावकारी. रक्तस्रावाला चौकट नसते आणि चौकटीबाहेरचा सावकार पुष्कळदा आपल्या धंद्यावर घट्ट पकड ठेवून असतो. दोन विशेषणे अदलाबदल करून पाहिली की चुकीचे वाक्य तत्काळ खटकते.

‘सेल्फ’ जोडला तरी फरक टिकतो. ‘सेल्फ-कंट्रोल’ म्हणजे संयम, मनाची ओढ असताना स्वतःला आवरणे. ‘सेल्फ-रेग्युलेशन’ म्हणजे एखाद्या समूहाने आपल्यासाठी आपणच नियम करून पाळणे. धुळे आणि नाशिक भागातल्या पांझरा, मोसम अशा नद्यांवरची फड पद्धती हे दुसऱ्याचे उत्तम उदाहरण आहे : शेतकरी आपसांत पीक आणि पाण्याची पाळी ठरवतात, आणि पाटकरी त्या ठरलेल्या पाळीप्रमाणे पाणी देतो. मानसशास्त्रात ‘सेल्फ-रेग्युलेशन’ माणसाच्या भावनांबद्दलही येते; तिथे ते राग दाबण्याबद्दल नसून भावनेची पातळी सांभाळण्याबद्दल असते.

पायरी सहावी : मराठी प्रतिशब्द हा स्वतंत्र प्रश्न समजावा

इंग्रजी शब्द नीट कळला म्हणजे मराठी शब्द मिळाला, असे होत नाही. रुळलेल्या वापराचा मान ठेवावा लागतो, आणि तो वापर नेहमी इंग्रजीच्या रेघेवर चालत नाही. याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण ‘बर्थ कंट्रोल’. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत या कामासाठी केंद्र सुरू केले, पुढे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले, आणि या विषयासाठी मराठीत रुजला तो शब्द ‘संततिनियमन’. इंग्रजीत ‘कंट्रोल’ असूनही मराठीत ‘नियमन’ आले, आणि मला ते अधिक अर्थपूर्ण वाटते, कारण मूल केव्हा व्हावे याची रीत जोडप्याने स्वतः ठरवावी हा त्यातला आशय आहे. आज कोणी ‘संततिनियंत्रण’ असे सुधारून लिहील तर तो बिघाड होईल.

कायद्यांच्या भाषेत आणखी एक भेद आहे. ‘रूल’साठी ‘नियम’ आणि ‘रेग्युलेशन’साठी ‘विनियम’ असे शासनाने ठरवलेले आहे. म्हणून १९४९ चा बँकांविषयीचा कायदा ‘बँककारी विनियमन अधिनियम’ होतो. बातमीत ‘बँकांचे नियमन’ लिहायला हरकत नाही, कायद्याचे नाव देताना मात्र ‘विनियमन’च लिहावे. संस्थांच्या नावांनाही हात लावू नये : महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ही नावे जशी आहेत तशी लिहावीत. नावावरून कामाचा तर्क करणे तर टाळावेच. औषध महानियंत्रक हे पद नावाने ‘कंट्रोलर’चे आहे, पण औषधे तयार करतात कंपन्या; हे कार्यालय मंजुरी आणि दर्जा यांचे नियमन करते.

विज्ञानातल्या ‘कंट्रोल ग्रुप’पाशी विशेष जपावे. नव्या औषधाच्या चाचणीत ज्या गटाला ते औषध दिले जात नाही, आणि ज्याच्याशी ताडून परिणाम पाहिला जातो, तो हा गट. इथे ‘कंट्रोल’चा जुना, ताळ्याचा अर्थ जिवंत आहे. ‘नियंत्रण गट’ असे लिहिले की वाचकाला त्या गटावर कोणी देखरेख ठेवते आहे असे वाटते. ‘तुलना गट’ म्हटले की अर्थ सरळ पोचतो. विमानतळावरच्या ‘पासपोर्ट कंट्रोल’चेही तेच : ती तपासणी आहे.

पायरी सातवी : हात बसण्यासाठी दोन-तीन वाक्ये सोडवावीत

घराच्या व्यवहाराची दोन उदाहरणे शेजारी ठेवावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ ज्या जागांना लागू आहे, तिथे घरमालकाला भाड्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते; त्यापुढचे भाडे त्याच्या मनावर नाही. तिथे ‘कंट्रोल’ हा शब्द शोभतो. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, ज्याला आपण रेरा म्हणतो, सदनिकेची किंमत ठरवत नाही. बांधकाम व्यावसायिकाने प्रकल्पाची नोंदणी करावी, चटई क्षेत्र उघड सांगावे, ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम त्या प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावी, असे तो सांगतो. त्याच्या नावात ‘रेग्युलेशन’ आहे ते योग्यच आहे.

दुसरे वाक्य चौकातल्या वाहतुकीचे. सिग्नल बंद पडल्यावर पोलीस हात दाखवून एकेक बाजू सोडतो, ते ‘कंट्रोल’. अवजड वाहनांना शहरात कोणत्या वेळी प्रवेश मिळेल हे अधिसूचनेने ठरते, ते ‘रेग्युलेट’. मराठीत दोन्हींना ‘वाहतूक नियमन’ म्हणण्याची पद्धत आहे आणि ती चालू द्यावी. फरक महत्त्वाचा असेल तिथे ‘हाताने वाहतूक सोडणे’ असे क्रियेचेच वर्णन करावे.

शेवटचे वाक्य थोडे अवघड आहे. ‘प्राधिकरण दर रेग्युलेट करते, कंट्रोल करत नाही’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य अहवालात आले, तर ‘दरांचे नियमन करते, नियंत्रण करत नाही’ हा अनुवाद शब्दशः बरोबर असूनही वाचकाच्या हाती काही देत नाही. तिथे ‘दर कसे ठरावेत याची रीत प्राधिकरण घालून देते, दर स्वतः ठरवत नाही’ असे लिहावे. मात्र हेच वाक्य वीज आयोगाबद्दल असेल तर थांबून मूळ मजकूर पुन्हा वाचावा, कारण तो आयोग नियामक असूनही जाहीर सुनावणी घेऊन वीजदर स्वतः निश्चित करतो. त्याला नियामक म्हणायचे ते एवढ्यासाठी की तो हे काम प्रसिद्ध केलेल्या विनियमांना धरून करतो आणि वीज विकण्याचा व्यवसाय कंपनीकडेच राहतो. तिथे ‘दर आयोग ठरवतो, कंपनीचा कारभार चालवत नाही’ असा अनुवाद करावा लागेल.